पिशवीवर लिहिलेले आणि शिवारात उगवलेले

जालन्याच्या बियाणे धंद्यात १९९८ हे साल तीन कारणांनी नोंदले गेले. महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या 'महिको'चे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना त्या वर्षी 'वर्ल्ड फूड प्राइझ' हा अन्नक्षेत्रातला मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याच वर्षी मॉन्सँटो या अमेरिकी कंपनीने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने महिकोच्या विरोधात एक निकाल दिला. पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या इतिहासात येतात. तिसरी ग्राहक कायद्याच्या पुस्तकांत सापडते.

खटला साधा होता. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्याने महिकोचे सूर्यफुलाचे बियाणे घेतले आणि ते उगवले नाही. जिल्हा मंचाने बियाण्याची किंमत आणि वर एकरी २,००० रुपये भरपाई द्यायला सांगितले. कंपनीने हरकत घेतली: बियाणे प्रयोगशाळेत तपासलेच नाही, मग ते सदोष कसे ठरले? हरकत कायद्याला धरून होती. ग्राहक कायद्यात मालाचा नमुना तपासण्याची तरतूद आहे. पण शेतकऱ्याने नमुना आणायचा कुठून? विकत घेतलेले सगळे बी त्याने पेरून टाकले होते. नमुना असलाच तर तो कंपनीकडे होता, आणि तो तपासायला पाठवा असा अर्ज कंपनीने केला नव्हता. निकाल शेतकऱ्याच्या बाजूने लागला.

यातला पुरस्कार फुकटचा नव्हता आणि निकालही चुकीचा नव्हता. संकरित बियाणे लहान शेतकऱ्याच्या हाती पोचवणारी कंपनी आणि उगवण न झालेल्या शेतकऱ्याकडे नमुना मागणारी कंपनी, दोन्ही एकच. व्यवसायातल्या नीतिमत्तेवर जगभर ग्रंथ लिहिले गेले, अभ्यासक्रम निघाले, कंपन्यांनी आचारसंहिता छापल्या. त्या सगळ्यांत एक गृहीत असते, की निर्णय घेणारा कुणीतरी एक माणूस आहे आणि त्याने चांगले वागायचे की वाईट हे ठरवायचे आहे. जालन्यातल्या बियाण्याचा प्रवास पाहिला तर हे गृहीतच डळमळते. इथे वाईट वागायचे असे कुणी ठरवलेले दिसत नाही. जबाबदारी मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दर टप्प्यावर थोडी थोडी गळत जाते.

बियाणे हा मालच मुळात अवघड. कापड बोटांत धरून पाहता येते, धान्य तोंडात टाकून पाहता येते. बी बरे की वाईट हे ते जमिनीत गेल्यावर कळते, आणि वाण खरा की भेसळीचा हे फुलोऱ्यात. तोवर पैसे गेलेले असतात, पाऊस गेलेला असतो, कधी कधी हंगामही. त्यामुळे बियाण्याच्या पिशवीवर काय छापले आहे, यावर विश्वास ठेवण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसते.

१९६६ चा बियाणे कायदा हे ओळखून होता, पण अर्धवट. त्यात प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले गेले. सरकारी यंत्रणेने शेतात जाऊन पाहिलेले, प्रयोगशाळेत तपासलेले ते 'प्रमाणित' बियाणे; महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या यंत्रणेचे मुख्यालय अकोल्याला आहे. खासगी कंपन्यांचा बहुतेक माल मात्र 'सत्यप्रत' म्हणून विकला जातो. म्हणजे उगवणक्षमता, शुद्धता, तारीख हे सगळे कंपनीच स्वतःच्या शब्दावर छापते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के, संकरित कपाशीची ७५ टक्के, हे आकडे कायद्याने ठरलेले. ते पाळल्याची ग्वाही विकणाऱ्याची.

योगायोग असा, की त्याच १९६६ मध्ये मुंबईत जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज प्रभृती उद्योगपतींनी एकत्र येऊन व्यापारातल्या सचोटीसाठी एक संस्था काढली, पुढे ती कौन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस म्हणून ओळखली गेली. माल योग्य भावात विका, भेसळ करू नका, टंचाईचा फायदा घेऊ नका, अशी तिची शिकवण. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेची सावली तिच्यावर स्पष्ट दिसते. चार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी नेमके उलट मांडले: नियम पाळून नफा वाढवणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. गेल्या पन्नास वर्षांतला या विषयावरचा बराचसा वाद या दोन टोकांमध्ये फिरत आला आहे. जालन्याच्या मोंढ्यात मात्र दोन्ही टोके एकाच दुकानात भेटतात.

बारवाले यांची सुरुवात पाहिली तर ती पहिल्या टोकाजवळची वाटते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेला हा तरुण भेंडीच्या बियाण्यातून धंद्यात आला आणि १९६४ मध्ये त्याने महिको उभी केली. संकरित वाणाचे बी तयार करायला नर-मादी ओळी, हाताने परागीकरण, विलगीकरणाचे अंतर असे सगळे सांभाळावे लागते. एवढी शेती कंपनीकडे नव्हती. तेव्हा शेतकऱ्यांच्याच रानात बी पिकवायचे, त्यांना शिकवायचे आणि माल ठरल्या भावाने परत घ्यायचा, ही पद्धत बसवली गेली. या व्यवहारात कंपनीची माणसे आणि शेतकरी एकमेकांना व्यक्तिशः ओळखत. आज जालना जिल्हा आणि शेजारचा देऊळगाव राजा परिसर भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी देशात ओळखला जातो, त्याची मुळे या पद्धतीत आहेत.

धंदा वाढला तशी मध्ये माणसे वाढली. आज कंपनी आणि बीजोत्पादक शेतकरी यांच्यामध्ये 'ऑर्गनायझर' असतो. तो गावोगाव प्लॉट बांधतो, आगाऊ रक्कम देतो, माल गोळा करतो. शेतकऱ्याच्या खाली शेडनेटमध्ये क्रॉसिंग करणारे मजूर, त्यात बायका जास्त. कंपनीची आचारसंहिता बालमजुरी नको, किमान वेतन द्या, असे सांगते. पण तिचा करार ऑर्गनायझरशी, ऑर्गनायझरचा शेतकऱ्याशी, आणि मजुराशी कुणाचाच कागद नाही. आंध्रातल्या कपाशी बीजोत्पादनात लहान मुली राबत असल्याचे २००३ च्या सुमारास अभ्यासकांनी उघड केले, तेव्हा त्यात बहुराष्ट्रीय कंपन्यांशी संबंधित बीजोत्पादनही होते. मुलांना कामाला आम्ही लावले नाही, हे कंपन्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. परागीकरणाच्या मजुरीचा खर्च ज्या खरेदी दरात बसवायचा होता, तो दर मात्र त्यांनीच ठरवला होता. पुढे कंपन्या आणि संस्था यांनी मिळून काही पावले उचलली, शेतांची तपासणी सुरू झाली, हेही नोंदवायला हवे.

यानंतरचा अध्याय बोंडअळी मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीचा. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि भारतात जनुकबदल केलेले पहिले पीक कायदेशीररीत्या शेतात उतरले. तंत्रज्ञानाचा परवाना महिको आणि मॉन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीकडे होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुमारे १,६०० रुपये. त्यात १,२५० रुपयांच्या आसपास निव्वळ तंत्रज्ञानाचे शुल्क. आंध्र प्रदेश सरकार २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेले, आयोगाने शुल्क कमी करायला सांगितले आणि पाकीट ७५० रुपयांवर आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कपाशी बियाण्याच्या किमतीसाठी वेगळा कायदाच केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी किंमत नियंत्रणाचा आदेश काढला.

कंपनीची बाजू अगदीच लेचीपेची नव्हती. संशोधनाला पैसा लागतो, फवारण्यांचा खर्च वाचतो, त्या बचतीतला वाटा मागितला तर बिघडले कुठे? शिवाय देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मधल्या १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. सगळे श्रेय बीटीचे नसले तरी तिचाही त्यात वाटा आहे. तरी एक प्रश्न उरतो. सरकारने हात घातल्यावर जी किंमत अर्ध्याखाली येऊनही धंदा बंद पडला नाही, ती आधी एवढी का होती? 'ग्राहक द्यायला तयार होता म्हणून' हे उत्तर फ्रीडमन यांना चालले असते. भोकरदन-जाफराबादच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे दुसरा पर्याय काय होता, हे त्यात येत नाही.

पण किंमत हा यातला सोपा भाग. खरी गोष्ट पाकिटाच्या आत होती.

२००२ च्या परवानगीत एक अट होती. बीटी कपाशीभोवती साध्या, म्हणजे नॉन-बीटी कपाशीचा पट्टा लावायचा: पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. त्यासाठी प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बी दिले जाई. कारण शास्त्रशुद्ध होते. बीटीच्या विषाला पचवणाऱ्या मोजक्या अळ्या वाचतात. त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळले तर पुढची पिढी सगळीच चिवट निघते. साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग आसपास असतील तर प्रतिकारशक्ती पातळ होत राहते. थोडक्यात, दर पाचव्या भागात अळीला मुद्दाम जेवू घालायचे, म्हणजे उरलेले चार भाग वर्षानुवर्षे सुरक्षित राहतील.

आता हे दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याने महागाचे पाकीट घेतले ते अळी नको म्हणून. त्याच पाकिटातली छोटी पुडी त्याला सांगते की पाचवा हिस्सा अळीला सोड. त्यातून होणारा फायदा साऱ्या शिवाराचा, काही वर्षांनी. नुकसान त्याचे एकट्याचे, याच हंगामात. शेजाऱ्याने नाही लावले तर याच्या त्यागाला अर्थही उरत नाही. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ती पुडी बांधावर टाकली, नांग्या भरायला वापरली किंवा गुरांपुढे ठेवली. पुडीतल्या बियाण्याच्या दर्जाबद्दलही तक्रारी झाल्या.

कंपनीने अट पाळली होती. पुडी दिली, पिशवीवर छापले, माहितीपत्रक जोडले. सरकारने अट घातली होती. दुकानदाराने पाकीट जसेच्या तसे विकले होते. पट्टा लावला गेला की नाही हे पाहायला शेतात कुणीही गेले नाही, कारण ते कुणाचेच काम नव्हते. ही अट पाळली जाणार नाही, हे लहान शेतीचा देश माहीत असलेल्या कुणालाही पहिल्याच वर्षी कळले असते. कंपनीच्या विक्री प्रतिनिधींना तर नक्कीच, ते गावोगाव फिरत होते. मग कागदावर अट पूर्ण झाली म्हणून जबाबदारी संपली का? कायद्याच्या दृष्टीने बहुधा हो. नीतिशास्त्राच्या पुस्तकाच्या दृष्टीने नाही. तिथे जे होणार हे ठाऊक असताना केलेले दुर्लक्षही कृतीतच धरतात.

२०१० मध्ये खुद्द मॉन्सँटोनेच जाहीर केले, की गुजरातमधल्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. तोवर दोन जनुकांची दुसरी बीटी बाजारात येऊन चार वर्षे झाली होती आणि कंपनीने तिकडे बोट दाखवले. काही वर्षांत तीही ढिली पडली. २०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात बोंडे फोडली की आत गुलाबी अळी, असे शेतामागून शेत निघाले. जालन्यात कपाशीत नांगर घालणारे शेतकरी तेव्हा बातम्यांत दिसत होते.

डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. या दोन्ही आकड्यांत १६,००० रुपये बियाणे कंपन्यांनी द्यायचे, असे धरले होते. कंपन्यांनी हात झटकले. बियाणे उगवले होते, वाण शुद्ध होता, पिशवीवर लिहिले ते खरे होते. अळी आली ती शेतकऱ्यांनी नॉन-बीटी लावली नाही आणि फरदड घेत कपाशी फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली म्हणून. यातही तथ्य होते. फरदडीमुळे अळीला वर्षभर खाणे मिळते, हे कृषी विद्यापीठे कानीकपाळी ओरडून सांगत होती. सरकारने कंपन्यांच्या खिशातले पैसे परस्पर जाहीर करून टाळ्या घेतल्या, हेही तितकेच खरे. शेतकऱ्यांनी नमुन्यातले अर्ज भरले, पंचनामे झाले, कंपन्या न्यायालयात गेल्या. नॉन-बीटी बी वेगळ्या पुडीत देण्याऐवजी बीटीतच मिसळून द्यायची पद्धत पुढे आली. म्हणजे शेतकऱ्याच्या सद्‌बुद्धीवर सोडलेला निर्णय पाकिटातच घेतला गेला. हे पंधरा वर्षे आधी सुचायला काय हरकत होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

एकट्या खासगी नफ्याला दोष देऊन हे प्रकरण मिटत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा तक्रारी खासगी कंपन्यांबरोबर महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाविरुद्धही होत्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस झाल्याने बियाणेच कमकुवत झाले होते. हे सगळ्यांना माहीत असूनही पिशव्यांवर ठरलेली उगवण छापून आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

मृग लागला की मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रावर वेगळेच नीतिशास्त्र चालते. गाजलेला वाण मागितला की 'संपला' हे उत्तर, आणि ओळखीतून मागितला की मागच्या दाराने जादा भावाने. नाहीतर लिंकिंग: हवे ते खत किंवा बियाणे हवे असेल तर नको असलेले औषधही घ्या. दुकानदार सांगतो, वरून डेपोतच तसे येते. कंपनी सांगते, आमचे असे धोरण नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री राधाकृष्ण विखे पाटील यांच्या काळात राज्याने महिकोचा कपाशी बियाणे विक्रीचा परवाना रद्द केला. आरोप कृत्रिम टंचाई आणि पुरवठ्याची चुकीची माहिती दिल्याचा होता. कंपनीने आरोप नाकारले, पुढे बंदी उठली. २०२३ मध्ये राज्याने बोगस निविष्ठांविरुद्ध कडक विधेयके आणली तेव्हा विक्रेत्यांनी नोव्हेंबरात तीन दिवस दुकाने बंद ठेवली. त्यांचा मुद्दा रास्त होता: सीलबंद पिशवी आम्ही फोडून पाहत नाही, मग तिच्यातल्या दोषासाठी तुरुंगात आम्ही का जायचे?

जालन्याच्या दुसऱ्या धंद्यात, पोलादात, चित्र जास्त रांगडे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये प्राप्तिकर खात्याने इथल्या चार रोलिंग मिलवर छापे घातले आणि ३०० कोटींहून अधिक बेहिशेबी उत्पन्न सापडल्याचे सांगितले. वर्षभराने, ऑगस्ट २०२२ मध्ये, लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आलेल्या अधिकाऱ्यांनी सुमारे ५६ कोटींची रोकड मोजली, ही बातमी राज्यभर चवीने वाचली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये एका पोलाद कारखान्यातल्या स्फोटात २२ कामगार जखमी झाले. त्याची चर्चा त्यामानाने लवकर विरली. रोकड मोजणे हा जसा तमाशा होतो, तसे भट्टीपुढच्या कामगाराच्या अंगावर संरक्षक कपडे होते का हे पाहणे होत नाही.

नीतिमत्तेचा कागद असणे आणि नीतिमत्ता असणे यांतले अंतर मोठ्यांनाही चुकलेले नाही. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला तोंडपाठ झालेल्या एन्रॉनची आचारसंहिता ६४ पानांची होती. ती निघाल्यावर दीड वर्षाच्या आत, डिसेंबर २००१ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली. सत्यमला सुशासनाचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार २००८ मध्ये मिळाला आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच हिशेबातल्या हजारो कोटींच्या बनवाबनवीची कबुली दिली. नंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. यातून शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने चालले. जालन्यात तर कायद्याच्या कितीतरी आधी, बारवाले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गणपती नेत्रालयाने मराठवाड्यातल्या असंख्य गरिबांचे मोतीबिंदू काढले. ते काम कुणी हलके लेखू नये. पण दोन टक्के कसे खर्च झाले याचा अहवाल द्यावा लागतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळाले, हा प्रश्न त्या अहवालात नसतो.

दरम्यान शेतकऱ्याने स्वतःपुरता एक मार्ग काढला आहे, आणि तो सगळ्यांत धोक्याचा आहे. तणनाशकाला दाद न देणारी एचटीबीटी कपाशी भारतात मंजूर नाही. तरी ती दर जूनमध्ये राज्याच्या सीमेपलीकडून येते आणि गावातल्या ओळखीच्या एजंटाकडून घेतली जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे लावून सत्याग्रहच केला. या पाकिटाला खरे लेबल नाही, बिल नाही, लॉट नंबर नाही. उगवले नाही तर जायचे कुणाकडे, याला उत्तर नाही. अधिकृत पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या हंगामासाठी केंद्राने ९०१ रुपये ठरवली, पण निंदणीची मजुरी परवडेनाशी झालेला माणूस त्या आकड्याकडे पाहतच नाही.

कायद्याची गाडी हळूहळू पुढे सरकते आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात १९९८ चाच धागा पुढे नेला: शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, आणि पेरलेल्या बियाण्यातला नमुना त्याने जपून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही. २०२३ मध्ये केंद्राने बियाण्याचा माग ठेवणारे 'साथी' पोर्टल सुरू केले. पिशवीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला की बी कुठून आले हे दिसावे, असा बेत आहे. तक्रार करायची तर मात्र आजही लागते ते पक्के बिल, त्यावरचा लॉट नंबर आणि रिकामी पिशवी. उधारीवर माल नेणाऱ्याच्या हाती पडते ती वहीतली नोंद, आणि तीही दुकानदाराच्या वहीतली.